नंबरातली मोकळी जागा

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवणं हा त्यांचा धंदा नव्हता, खोड होती. हे बटण निळं का, एवढंच कुणी विचारलं तरी मास्तर आधी बटणांचा इतिहास सांगत आणि शेवटी ते बटण निळं नसून जांभळट आहे हे सिद्ध करून दाखवत. वय सेहेचाळीस. त्यातली एकवीस वर्षं वेबसाइटी बनवण्यात गेली होती, आणि वेबसाइटींमध्येही बहुतेक फॉर्म. नाव, पत्ता, जन्मतारीख, पुढे जा. लोकांनी आयुष्यात पूल बांधले, मास्तरांनी चौकोन आखले.

एका सोमवारी त्यांची टीम लीड, म्हणजे त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असलेली त्यांची साहेब, सगळ्यांना म्हणाली की वेब डेव्हलपरांची मोठी परिषद यंदा आपल्याच शहरात आहे, दोन दिवस, चाळीस सत्रं, आपल्यातलं कुणीतरी व्यासपीठावर दिसायला हवं. सगळे आपापले बूट न्याहाळू लागले. मास्तरांची जीभ मात्र नेहमीप्रमाणे डोक्याच्या आधी पोचली. "मी पाठवतो की एखादा विषय," ते म्हणाले. त्यांचा हिशेब साधा होता. विषय नाकारला जाणार, आणि मग जन्मभर "आम्हीही पाठवला होता" असं म्हणायला मोकळे.

विषय स्वीकारला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. "आधुनिक वेबवरील प्रमाणीकरणाचे तत्त्वज्ञान" असं भारदस्त शीर्षक त्यांनी दिलं होतं. सरळ भाषेत सांगायचं तर, फॉर्म भरताना माणूस चुकला तर वेबसाइटनं त्याला काय सांगावं, एवढाच तो विषय. चाळीस मिनिटं, हॉल क्रमांक तीन, दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचं पहिलं सत्र. तयारीला सहा आठवडे.

पहिला आठवडा फोटोत गेला. परिषदेच्या पानावर वक्त्याचा फोटो लागतो, आणि मास्तरांचा प्रत्येक फोटो हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखा येई. दुसरा आठवडा चार ओळींच्या परिचयात गेला. स्वतःबद्दल "ते एक ध्येयवेडे तंत्रज्ञ आहेत" असं स्वतःच्याच हातानं लिहिताना त्यांना लाज वाटली, पण खोडताना त्याहून वाईट वाटलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अक्षरांचा आकार ठरवला आणि वेळापत्रकाचा अभ्यास केला. त्यांच्याच वेळेला मोठ्या हॉलमध्ये एक गाजलेले वक्ते येणार होते. यापुढे वेबसाइटी यंत्रंच कशा लिहितील, असा त्यांचा विषय होता. म्हणजे तिथे जागा न मिळालेली मंडळी आपल्याकडे येणार, असं मास्तरांनी मनाशी धरलं आणि त्यातही समाधान मानलं. तोवर चौसष्ट स्लाइड झाल्या होत्या. पहिल्या अकरा विषयाच्या महत्त्वावर होत्या.

मग एका रविवारी सकाळी पुढच्या खोलीत रंगीत तालीम झाली. कपडे वाळत घालायचा स्टँड बाजूला सरकवला, टीव्हीला लॅपटॉप जोडला. श्रोते दोन, बायको आणि सासूबाई. बायको फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करणारी. सासूबाई दोन वर्षांपासून त्यांच्याकडे राहत होत्या. बत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती, कानाला हेडफोन आणि समोर भोकांचा बोर्ड. अजूनही त्या कुणाचा नंबर सांगायच्या तर तीन आकडे, एक श्वास, तीन आकडे, एक श्वास, आणि उरलेले चार. ऐकणाऱ्याला लिहून घ्यावंच लागत नसे.

बाराव्या स्लाइडला बायकोनं हात वर करून सांगितलं की खांदे खाली घे, आणि दोन्ही पायांवर उभा राहा, तळ्यातल्या बगळ्यासारखा दिसतोयस. मास्तर दोन पायांवर आले आणि पुढे बोलत राहिले. चाळीस मिनिटांचं भाषण एक तास दहा मिनिटांनी संपलं. बायको केव्हाच आत जाऊन कुकर लावून आली होती. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

"सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या. "पण जो माणूस चुकला, त्याला तुम्ही सांगता काय?"

मास्तर म्हणाले की तो मोठा विषय आहे, एकेचाळिसाव्या स्लाइडवर येतो. सासूबाई म्हणाल्या की बोर्डावर तेवढा वेळच नसायचा, एका माणसामागे फार तर दहा-अकरा सेकंद. मग त्यांनी आपला अनुभव सांगितला. तुम्ही चुकलात असं म्हटलं की माणूस फोन आपटतो. काय द्यायचं राहिलंय ते सांगितलं की तो ते देतो. मास्तरांनी मान डोलावली, वहीत टिपून घेतलं आणि एकेचाळिसाव्या स्लाइडवर एक ओळ वाढवली.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, मास्तर घरून काम करत होते. सासूबाई जेवणाच्या टेबलावर टॅब्लेट घेऊन वाचनालयाच्या सभासदत्वाचा फॉर्म नव्यानं भरत बसल्या होत्या. आता तो कागदावर नसे, वेबसाइटवर भरावा लागे. ती वेबसाइट मास्तरांच्या कंपनीनं बनवली होती, आणि तिच्यातला तो फॉर्म सात वर्षांपूर्वी खुद्द मास्तरांनी. सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. जावई कॉम्प्युटरवर काहीतरी करतात, एवढंच त्या ओळखून होत्या.

अर्धा तास झाला तरी टेबलावरून उसासे येत होते. शेवटी त्यांनी हाक मारली. "जरा बघता का? माझं नाव अवैध झालंय की काय, कळत नाही."

मास्तर जाऊन मागे उभे राहिले. पडद्यावर लाल अक्षरात एकच ओळ होती. "अवैध नोंद. कृपया योग्य माहिती भरा." सासूबाईंनी नाव तीन वेळा लिहून पाहिलं होतं, पत्त्यातला मजला काढला होता, पुन्हा घातला होता. जन्मतारीखच पटत नसेल म्हणून एक दिवस पुढची घालूनही पाहिली होती. आणि खाली फोन नंबर, जन्मभराच्या सवयीनं लिहिलेला. तीन आकडे, मोकळी जागा, तीन आकडे, मोकळी जागा, चार आकडे.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना तो शुक्रवार आठवला. घरी जायची घाई होती, आणि नंबरात आकड्यांखेरीज काहीही आलं की नाकारायचं, असा नियम लिहून ते मोकळे झाले होते. संदेशही सगळ्या चुकांना मिळून एकच ठेवला होता. आता त्यांच्याच तेविसाव्या स्लाइडवर लिहिलं होतं, की मधल्या मोकळ्या जागा यंत्रानं स्वतः काढून टाकाव्यात, त्याला एक ओळ पुरते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"ज्यानं कुणी हे लिहिलंय ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला एक दिवस आमच्या बोर्डावर बसवायला हवं होतं. दुपारच्या आत घरी पाठवला असता."

मास्तरांनी पडद्यावरच्या नंबराकडे बोट दाखवलं. "नंबर सलग लिहा, आई. मध्ये जागा सोडू नका."

सलग नंबर कोण लिहितं, असं पुटपुटत सासूबाईंनी तो सलग लिहिला. फॉर्म निमूट पुढे गेला. त्यांनी चष्मा काढला आणि मनापासून म्हणाल्या की अशी कामं तुमच्यासारख्या समजूतदार माणसांकडे द्यायला हवीत. मास्तर आतल्या खोलीत जाऊन बसले. उरलेला दिवस त्यांचं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती हसता हसता पलंगावरून घसरून खाली बसली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली की भाषणात हेच सांग. मास्तरांनी अब्रूचा मुद्दा काढला. ती म्हणाली, तुझ्या हॉलमध्ये येणार किती माणसं, अब्रू जाऊन जाऊन जाईल कुठे? मास्तरांनी लॅपटॉप उघडला.

त्यांनी चौसष्टच्या नऊ स्लाइड केल्या. परिचयाची, महत्त्वाची, तत्त्वज्ञानाची सगळी गेली. उरली एका सुजाण बाईची गोष्ट आणि तिला अवैध ठरवणारा एक चौकोन. पुढचे तीन आठवडे मास्तरांनी ती गोष्ट घासूनपुसून लख्ख केली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, "मीच तो" हे वाक्य कितव्या मिनिटाला टाकायचं, सगळं ठरवलं. आरशासमोर खांदे खाली घेऊन उभं राहायला शिकले. सासूबाईंना मात्र एका शब्दानं सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं, त्यांनी टॅब्लेट हातात घेतला की मास्तरांना बाल्कनीत काहीतरी काम निघे.

परिषदेचा दिवस आला. हॉल क्रमांक तीनमध्ये एकशेवीस खुर्च्या होत्या आणि सत्तावीस माणसं. त्यातला एकजण फोन चार्ज करायला आला होता आणि दोघं उघड उघड डुलक्या घेत होती. पहिल्या रांगेत टीम लीड बसली होती. मास्तर दोन्ही पायांवर उभे राहिले आणि त्यांनी गोष्ट सांगितली. आश्चर्य म्हणजे लोक हसले, आणि हसायचं तिथेच हसले. डुलक्या घेणाऱ्यांतला एक जागा झाला. शेवटी मास्तरांनी वाचनालयाचं पान मोठ्या पडद्यावर उघडलं, स्वतःचाच नंबर मोकळ्या जागा सोडून लिहिला आणि बटण दाबलं. लाल ओळ आली. हॉल खदखदून हसला. आपण वक्ते आहोत असं मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. एका छोट्या दवाखान्याची वेबसाइट त्या एकट्या सांभाळत असत.

"हे घरी घडलं ते कधी?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी."

"आणि तुम्ही आत्ता दाखवलंत ते पान खरं आहे? रोजच्या वापरातलं?"

"हो, अगदी खरं," मास्तर अभिमानानं म्हणाले.

"म्हणजे ते अजून तसंच आहे."

मास्तरांनी पडद्यावरच्या लाल ओळीकडे वळून पाहिलं. तीन आठवडे त्यांनी गोष्ट दुरुस्त केली होती. चौकोनाला बोटही लावलं नव्हतं. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. त्या तीन आठवड्यांत आणखी कितीजणांनी आपली जन्मतारीख बदलून पाहिली असेल, कुणास ठाऊक. पहिल्या रांगेतली टीम लीड जमिनीकडे पाहत होती.

"तसंच आहे," ते अखेर म्हणाले. "उलट आज सकाळी मी तपासून पाहिलं, चूक अजून येते ना म्हणून. येते म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला."

या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी विचारलं की दुरुस्तीला किती वेळ लागेल. दहा मिनिटं, मास्तर म्हणाले. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सत्राची तेरा मिनिटं उरली होती. "मग करा की," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मास्तरांनी टीम लीडकडे पाहिलं. कुठलाही बदल तिच्या मंजुरीशिवाय पुढे जात नसे. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर उघडला आणि मान हलवली. मग सत्तावीस माणसांच्या देखत मास्तरांनी ती एक ओळ लिहिली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा त्या ओळीनं मोकळ्या जागांबरोबर आकडेही गिळले. समोरच्या कुणीतरी स्वल्पविराम राहिल्याचं सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ती चालली. पण नंबर खरोखरच अपुरा असला तर लोकांना काय सांगायचं? त्या लाल वाक्यासमोर मास्तर अडले. प्रमाणीकरणाचं तत्त्वज्ञान सांगायला आलेल्या माणसाला साधं एक वाक्य सुचेना. तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला, सासूबाईंना लावला आणि माइकजवळ धरला.

"आई, तो वाचनालयाचा फॉर्म मी लिहिला होता," ते म्हणाले.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तुम्ही?"

"हो."

"आणि आज तिकडे लोकांना शिकवायला गेलात, ते हेच?"

"हो. आता दुरुस्त करतोय. एखाद्याचा आकडा राहिला तर त्याला काय सांगू, तेवढं सांगा."

सासूबाईंचा आवाज बदलला. तो जावयाशी बोलणारा आवाज नव्हता, बोर्डावरचा होता. "लिहून घ्या. नंबरात दहा आकडे लागतात. तुमचे नऊ आलेत. एकदा पाहून घ्या. झालं?"

"झालं."

"मग ठेवते. बाकीचं घरी बोलू."

मास्तरांनी ते जसंच्या तसं लिहिलं, फक्त नऊच्या जागी जितके आकडे येतील तितके मोजायची सोय केली. टीम लीडनं मंजुरी दिली. पडद्यावर मोकळ्या जागांचा नंबर बिनतक्रार पुढे गेला. टाळ्या वाजल्या, पण थोडाच वेळ, कारण पुढच्या सत्राची माणसं दारात ताटकळली होती. बाहेर आल्यावर टीम लीड एवढंच म्हणाली की व्याख्यान चांगलं झालं, आणि कंपनीच्या बाकीच्या वेबसाइटींवर असे संदेश किती आहेत त्याची यादी सोमवारी टेबलावर हवी.

घरी सासूबाईंनी आधी सगळ्यांना जेवू घातलं. पानं उचलल्यावर त्यांनी चष्मा पुसत विचारलं की तीन आठवडे गप्प का बसलात. मास्तर खरं तेच बोलले. आधी लाज वाटली, आणि मग गोष्ट फार छान जमून आली. सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं छताकडे.

यादीत एकशे अठरा संदेश निघाले. आता दर शनिवारी सकाळी तासभर दोघं जेवणाच्या टेबलावर बसतात. मास्तर वाचतात, सासूबाई लाल पेन चालवतात, आणि तास संपला की वाक्य अर्धवट असलं तरी उठून फिरायला जातात. चाळीस झाले आहेत. सध्या गाडी "आपले सत्र समाप्त झाले आहे" या ओळीवर अडली आहे. कोण समाप्त करतं, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहून दिलं, "तुम्ही बराच वेळ काही केलं नाहीत, म्हणून आम्ही हे पान बंद केलं. पुन्हा उघडायला इथे दाबा." मास्तर म्हणतात की हे फार लांब होतंय, बटणाशेजारी मावणार नाही. सासूबाई म्हणतात, मग बटण लहान करा.