ताप नाही

पाळणाघराच्या दारात मावशी थर्मामीटर घेऊन उभी राहिली की भले भले बाप खिशातून रुमाल काढून पोरांची नाकं पुसायला लागायचे. खरं तर नाकांशी मावशीचं काही भांडण नव्हतं. पाळणाघर म्हटलं की नाकं वाहणारच. तिचा नियम एकच होता: ताप असेल तर घरी, ताप नसेल तर आत. या नियमापुढे बँकेतली नोकरी चालायची नाही, रडणं चालायचं नाही आणि ‘आजच्या दिवस घ्या ना हो मावशी’ हे तर मुळीच चालायचं नाही.

लोक तिला खडूस म्हणायचे. म्हणेनात का! वरच्या मजल्यावर तिचा नवरा राहत होता आणि त्याच्या पोटात तिची एक किडनी होती.

शरीर मोठं संशयी असतं. परकं काही आत आलं की ते हाकलायलाच धावतं, मग ती बायकोची किडनी का असेना. म्हणून त्याला रोज गोळ्या होत्या, शरीराची ही लढाऊ वृत्ती दाबून ठेवणाऱ्या. नवरा आयुष्यभर बसचा कंडक्टर. माणसांशिवाय त्याला करमायचं नाही, पण खाली मुलांत येण्याची बंदी होती. मग तो गॅलरीत उभा राहून अंगणातल्या पोरांवर ओरडायचा, “पुढे सरका, पुढे जागा आहे!” पोरं खिदळत पुढे सरकायची. किडनीवरूनही त्याचे विनोद चालत. “हिच्या माहेरची पाहुणी आहे,” म्हणायचा, “जपून वागावं लागतं.”

त्या सोमवारी गोट्या आला तो डोळे मलूल, नाक लाल. मावशीने थर्मामीटर लावला. ताप नव्हता. तरी तिचं मन कचरलं. गोट्याची आई घड्याळाकडे बघत होती, मावशीकडे बघत नव्हती. पण नियम म्हणजे नियम, आणि तो तर मावशीचाच. तिने गोट्याला आत घेतलं.

दुपारपर्यंत पोर तव्यासारखं तापलं. आई येईपर्यंत ते मावशीच्या खांद्यावर पडून होतं, तिच्या मानेत खोकत. संध्याकाळी मावशी वर गेली, नेहमीप्रमाणे डोक्यावरून आंघोळ केली, कपडे बदलले. चार-पाच दिवसांनी तिचा घसा जरासा खवखवला. तिने स्वतःलाही थर्मामीटर लावला. ताप नाही म्हटल्यावर तो विषय तिथेच संपला.

मग नवरा खोकू लागला.

“बघ, ताप नाही,” थर्मामीटर तिच्यापुढे नाचवत तो म्हणाला.

“नाही ना? मग गार पाणी पिऊ नका म्हणजे झालं.”

दोन दिवसांनी त्याने गॅलरीतून हाक दिली, “पुढे सरका, पुढे...” आणि तिथेच थांबला. पोरं वर बघत राहिली. मावशी जिना चढून गेली तेव्हा तो कठड्याला धरून उभा होता आणि उरलेले दोन शब्द काही केल्या त्याच्या छातीतून निघत नव्हते.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला, रिपोर्ट पाहिला. “आरएसव्ही आहे. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याचा नेहमीचा विषाणू. न्यूमोनिया झालाय. आधी का नाही आणलंत?”

“ताप नव्हता हो त्यांना. कधीच नव्हता.”

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. “मावशी, ताप आणतो तो विषाणू नव्हे. विषाणू नुसता पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे हजारो करून घेतो. ताप आपलं शरीर आणतं, त्याच्याशी लढताना. यांच्या शरीराला आपणच गोळ्यांनी गुंगीत ठेवलंय. ताप आणणार कोण?”

“पण मलाही नव्हता.”

“तुम्ही इतकी वर्षं पोरांत आहात. हा विषाणू तुमच्या शरीराच्या ओळखीचा. घशातच निपटलं असेल बरंचसं. पण निपटेपर्यंत तो तुमच्याकडून दुसऱ्याला लागतोच.”

म्हणजे नवऱ्यापर्यंत तो मावशीच घेऊन गेली होती, थर्मामीटर हातात धरून.

बाहेर बाकावर बसली तोच गोट्याच्या आईचा फोन आला. गोट्या आता बरा आहे, पाळणाघर कधी उघडणार? मावशीने सगळं सांगितलं.

“मावशी, त्या दिवशी मी सकाळीच त्याला तापाचं औषध पाजलं होतं,” गोट्याची आई रडत म्हणाली. “रजा शिल्लक नव्हती हो माझी. तुम्ही फक्त तापच बघता, सगळ्यांना माहीत आहे.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाशी आलेलं सगळं बोलून टाकावं असं वाटलं. पण ते शेवटचं वाक्य खरं होतं. तिने फोन ठेवून दिला.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. या विषाणूवर यांना देण्यासारखं खात्रीचं औषध नाही. लढायचं ते शरीरानेच. म्हणून गोळ्यांपैकी एक काही दिवस बंद करायची. धोका असा की शरीर जागं झालं की ते किडनीवरही धावून जाऊ शकतं.

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,” मावशी म्हणाली.

“तसंही होऊ शकतं.”

नवऱ्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. “गोळी चालू ठेवा. ती वस्तू माझी नाही, हिची आहे.”

“दिलेली वस्तू मी परत मागितली का?” मावशी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. “किडनी गेली तर गेली. तुम्ही राहा. मला तुम्ही हवे आहात, एवढं कळत नाही का हो तुम्हाला?” मग ती रडली. एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर असं काही ती कधी बोलली नव्हती. त्याने मुकाट्याने मास्क पुन्हा लावला.

गोळी बंद झाली. मावशी रोज त्याच्या कपाळाला हात लावून बघायची, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते गार लागलं की तिचा धीर सुटायचा.

एका दुपारी कपाळ गरम लागलं. तिने नर्सला हाक मारली. नर्सने थर्मामीटर लावला. “एकशे एक.”

“आला!” मावशी हसली. ज्या आकड्यावर तिने शंभर पोरं दारातून परत पाठवली होती, त्याच आकड्यावर हसली. डॉक्टरीणबाई आल्या तशी तिने विचारलं, “लढतंय ना हो शरीर?”

“लढतंय,” त्या म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचं पोट उजवीकडे खाली, किडनीच्या जागी, हलकेच दाबलं. तो कळवळला. त्या हसल्या नाहीत. “कुणाशी लढतंय, ते संध्याकाळच्या रक्तावरून थोडंफार कळेल.”

त्या गेल्या. नवऱ्याने मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं. मावशीने कान जवळ नेला.

“विनातिकीट एक जण चढलाय,” तो म्हणाला. “आता उतरवतात कुणाला, बघू.”

मावशीने एक हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि दुसरा पोटावर, जिथे तिची किडनी होती तिथे. दोन्हीकडे सारखंच गरम लागत होतं.