जुन्या डोळ्याने निवडलेला खडा

बाबांनी तिसऱ्यांदा डोळा मारला, तेव्हा काउंटरपलीकडच्या बाईंनी चिमट्यातला खडा खाली ठेवला आणि सराफांना हाक मारली.

"ते डोळा मारत नाहीयेत," मी घाईघाईने म्हणालो. "मिटतायत."

"एकच?"

"एकच उरलाय," बाबा म्हणाले. हे वाक्य त्या परिस्थितीत जितकं वाईट वाटू शकतं, तितकं वाटलं.

बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढला होता. डाव्यातला उद्या सकाळी काढायचा होता. त्यामुळे सध्या त्यांच्याकडे दोन जगं होती. उजव्या डोळ्याने भिंत पांढरी, डाव्याने तीच भिंत चहात बुडवून वाळत घातलेली. महिनाभर ते एकेक डोळा झाकून घरातल्या वस्तू तपासत फिरत होते. आपला फ्रिज पांढरा आहे हे कळलं त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तो रात्रीतून रंगवला.

आईच्या दोन्ही डोळ्यांत तसाच मोतीबिंदू होता. पण तिच्या डोळ्यामागचा पडदा नाजूक. हात लावला तर आहे तेवढंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे तिची भिंत आता कायमची चहातली.

तरी तिने जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. निम्मा जांभळा, निम्मा पिवळा, असा एकच खडा, गळ्यात घालायला. खूप वर्षांपूर्वी बँकेतल्या एका बाईंच्या गळ्यात पाहिलेला. स्वतः दुकानात यायला मात्र ती तयार नव्हती. मागे एकदा कपड्यांच्या दुकानात तिने पुतळ्याला भाव विचारला होता. उत्तर आलं नाही म्हणून त्याला चार शब्द सुनावलेही होते. तेव्हापासून खरेदी बंद.

सराफ आले. बाबा त्यांना म्हणाले, "आजच काय ते ठरवायला हवं. उद्या हा डोळा जाणार."

"अरेरे."

"जाणार म्हणजे बरा होणार हो."

"मग बरा झाल्यावरच या की! स्वच्छ दिसेल."

"मला दिसून काय करायचंय? बायकोला दिसायला हवा. तिचा आणि माझा अगदी सारखाच पिकलाय, डॉक्टरच म्हणाले. माझ्या डाव्याला दिसला म्हणजे तिला दिसला. उद्यापासून मी कुठल्या डोळ्याने बघू?"

सराफांनी यावर विचार केला आणि सरळ ट्रे उघडला. ॲमेट्रिन. एकाच स्फटिकात जांभळा आणि पिवळा. त्यातला एक त्यांनी चिमट्याने उचलला. "हा बघा. जांभळा पिवळ्यात कसा विरघळत गेलाय. जाणकार माणूस हाच घेतो."

बाबांनी उजवा डोळा मिटला. "चहा."

"अरे, एक चहा सांग रे!" सराफांनी आत ओरडून सांगितलं.

"प्यायला नको. खडा चहासारखा दिसतोय."

दुसरा खडाही चहाच निघाला. तिसरा जरा कडक. बाबा उठले. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. एका जागी उभं राहून विचार करणं त्यांना जमत नाही. खडा मुठीत धरून ते सरळ दाराबाहेर, उन्हात गेले. त्यांच्यामागे दुकानाचा वॉचमन बंदूक सावरत धावला, त्याच्यामागे मी, माझ्यामागे हातात चिमटा घेतलेल्या बाई. फुटपाथवर सगळ्यांनी उजवा डोळा मिटून खडा पाहिला.

"मला तर दोन्ही डोळ्यांनी सारखाच दिसतो," वॉचमन म्हणाला.

"नशीबवान आहात," बाबा म्हणाले आणि परत आत गेले. मग पुन्हा बाहेर. पुन्हा आत. दाराची घंटी वाजून वाजून दमली. प्रत्येक खड्याची वरात निघत होती आणि प्रत्येक खडा चहा होऊन परत येत होता.

"जांभळा दिसतच नाही रे," बाबा मला हळूच म्हणाले. "एकातही नाही. तिने एक गोष्ट मागितली."

"बाबा, कुठलाही घेऊ. जांभळा आहे म्हणून सांगू. ती विश्वास ठेवेल."

"लिफ्टमध्ये अडकलेल्याला मी बाहेरून सांगतो, झालंच, दार उघडतंय. त्याला दार दिसत असतं का? त्याला अंधार दिसत असतो."

मी सराफांना विचारलं, आणखी काही आहे का.

शेवटी सराफांनी अगदी खालचा खण उघडला. "हा खरं तर दाखवायचा नव्हता." खड्याची एक बाजू शाईसारखी गडद जांभळी, दुसरी जेमतेम पिवळी, मधे पट्टीने आखल्यासारखी रेघ.

"यातले रंग एकमेकांशी बोलतच नाहीत," बाई म्हणाल्या.

"नवरा-बायकोसाठीच आहे ना? मग चालेल," वॉचमन म्हणाला.

बाबांनी उजवा डोळा मिटला. बराच वेळ उघडला नाही.

"एका बाजूला काळोख. एका बाजूला उजेड."

"आणि जांभळा?" मी विचारलं.

"नाही. पण दोन आहेत. दोन आहेत एवढं तरी तिला कळेल." मग सराफांकडे वळून म्हणाले, "कोंदण मागून बंद करू नका. उजेड आरपार जाऊ दे."

लॉकेट तयार होऊन आलं, तोवर बाबांची पट्टी सुटली होती. आईने डबी उघडली आणि खिडकीपाशी जाऊन लॉकेट डोळ्यांशी नेलं.

"अगबाई! काय जांभळा आहे हो!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की खालच्या मजल्यालाही कळावं. "आणि हा पिवळा! अगदी तस्सा! बघ रे, बघ!"

मी बघितलं. तिने गडद बाजूला जांभळा म्हटलं होतं. अंदाज बरोबर होता. बाबा तिच्यामागे उभे होते. ती काय बघतेय हे जगात फक्त त्यांनाच नक्की माहीत होतं.

"तुम्हाला कसा दिसतो?" तिने न वळता विचारलं. "आता काय, दोन्ही डोळे नवे तुमचे."

बाबांनी तिच्या खांद्यावरून खडा पाहिला. नव्या, लख्ख डोळ्यांनी पाहिला.

"काळपट," ते म्हणाले. "ही बाजू काळपटच आहे गं. आणि ती फिकी. रंग असा काही नाही."

आईचे खांदे हळूच खाली आले.

"हो ना?" ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच."

"छे. खडाच तसा आहे."

"पण आवडला हो मला."

"मलाही."

तिने तो पुन्हा उन्हात धरला. खड्यातून आलेला उजेड तिच्या गालावर पडला होता, वाटाण्याएवढा, गर्द जांभळा. बाबांनी हात पुढे केला, तिची एक बट कानामागे सारली आणि हात मागे घेतला. आई बँकेतल्या त्या बाईंबद्दल सांगत राहिली, आणि ती बोलेल तसा तो ठिपका गालावर हलत राहिला.