सातव्या खाटेची नोंद

सूनबाईंच्या खात्यावर दोन पराक्रम जमा होते. हॉस्पिटलच्या नोंदींचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता, आणि पायाची जखम चिघळलेल्या सासूबाईंना तिथेच खिडकीजवळची खाट मिळवून दिली होती. सासूबाई फक्त खाट जमेला धरत.

नर्स इंजेक्शन घेऊन आली. सूनबाई सवयीने तिच्या टॅबलेटमध्ये डोकावल्या. पडद्यावर होतं, ‘कोणत्याही औषधाचं वावडं नाही.’

वावडं होतं. पेनिसिलिनने सासूबाईंचा श्वास एकदा कोंडला होता. सकाळी भरतीच्या टेबलावर सूनबाईंनीच ते सांगून टाइप करून घेतलं होतं. सासूबाईंच्या औषधाचं नाव कधी लक्षात राहिलं नव्हतं.

“थांबा. यात काय आहे?”

“पेनिसिलिन. डॉक्टरांनी नोंद बघूनच दिलंय.”

“नोंद चुकलीय.”

“चुकत नाही म्हणून तर वह्या बंद केल्यात ना, ताई?” नर्सने दंडावर कापूस फिरवला.

“टोच बाई एकदाची,” सासूबाई म्हणाल्या. “हिचं घरात कोणी ऐकत नाही, तू कशाला ऐकतेस?”

सूनबाईंनी सरळ नर्सचं मनगट धरलं. “वय वाचा.”

नर्सने वाचलं. “चौतीस.” मग तिने सासूबाईंच्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहिलं आणि सुईला टोपण लावलं.

नोंद याच खाटेवरच्या, कालच घरी गेलेल्या बाईची होती. सूनबाईंना चूक उमगली. त्यांचा प्रोग्रॅम नवी नोंद ती साठवणाऱ्या सर्व्हरकडे पाठवताना म्हणायचा, हिचं नाव ‘खाट सात’ ठेव. सर्व्हरच्या लेखी ती नुसती सूचना. नाव आधीच कोणाला दिलेलं असलं, तर तो दुसरं ठेवतो आणि काय ठेवलं ते उलट कळवतो. ते उत्तर प्रोग्रॅमने कधी वाचलंच नव्हतं. चाचणीत सगळ्या खाटा रिकाम्या, त्यामुळे दर वेळी मागितलेलंच नाव मिळालं होतं.

वॉर्डच्या यादीत त्यांनी शोधलं. ‘खाट सात’च्या खाली, नावाला भलतंच शेपूट लावून, सासूबाई सापडल्या. पेनिसिलिनसकट.

“काय झालं गं?” सासूबाईंचा आवाज खाली आला होता.

“मी सुचवलेलं नाव त्याने ठेवलं नाही, आई. मी मात्र त्याच नावाने शोधत बसले.”

“नातीच्या वेळी तेच केलंस. आम्ही नाव दुसरं ठेवलं, तू महिनाभर तुझ्याच पसंतीच्या नावाने हाका मारल्यास. पोर वळून बघेल तर शपथ.”

सूनबाईंना हसू येणार होतं, तेवढ्यात वॉर्डच्या टोकाला दुसरी नर्स ट्रे घेऊन निघालेली दिसली. ज्या खाटेवर दुसरा माणूस आला, त्या प्रत्येक खाटेची हीच गत. गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती. दाराशी मोठे डॉक्टर उभे होते, ह्याच प्रोग्रॅमचं कौतुक पाहुण्यांना सांगत.

“इंजेक्शनं थांबवा,” सूनबाई म्हणाल्या. मग वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाल्या. “सगळी. पडद्यावर विश्वास ठेवू नका. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. पेशंटला विचारा.”

डॉक्टरांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. दुसरी नर्स जागीच थांबली, मग समोरच्या खाटेवर वाकली. “मावशी, कोणतं औषध सोसत नाही का?”

“सकाळीच सांगितलं की,” त्या बाई वैतागून म्हणाल्या. “पेनिसिलिन.”

नर्सने ट्रेमधली पेनिसिलिनची सिरिंज उचलली आणि खिशात घातली.