दाराजवळच्या खुंटीवरची हॅट

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी हॅट आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. वय सांगायला माझी हरकत नाही, पण ते ऐकले की लोक मला उजेडाकडे धरून भोके शोधू लागतात. मी जात्याच घाबरट आहे. वाऱ्याला घाबरते, पावसाला घाबरते, आणि लोकर-कापड कुरतडणाऱ्या कसरीचे तर नाव जरी कुणी काढले तरी माझी झोप उडते. तरीही आज मला माझी कहाणी सांगायची आहे, कारण सध्या ज्या भीतीत मी दिवस काढते आहे, तशी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

माझा जन्म हॅट बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. सशाचे मऊ केस गरम पाण्यात भिजवून, दाबून, मळून त्यांचा नमदा, म्हणजे जाड घट्ट कापड, केला. तो लाकडी साच्यावर ताणला आणि वर वाफ सोडली. वाफेने माझा जीव नकोसा झाला होता. मग कारागिराने माझ्या माथ्यावर मधोमध खळगा पाडला, पुढे दोन बोटांनी चिमटा घेतला, काठ गोल कापला, आतून चामड्याची पट्टी शिवली आणि बाहेरून काळसर फीत बांधली. शेवटी त्याने मला आरशासमोर धरले, तेव्हा मी सगळे हाल विसरले. मिरवायची हौस मला तेव्हापासूनच आहे, ती काही लपत नाही.

चष्म्याच्या दुकानाचे एक मालक मला घेऊन गेले. ते रोज मला घालून दुकानात येत आणि समोरच्या उंच फळीवर ठेवत. अक्षरओळख नसलेले एखादे लहान मूल डोळे तपासायला आले की ते विचारत, “बाळ, ती हॅट दिसते का? तिची फीत कुठल्या रंगाची आहे सांग बघू.” मूल डोळे बारीक करी आणि इकडे माझा जीव टांगणीला लागे. एका मुलीने तर “मांजर बसलंय” असे ठोकून दिले. तिला जाड भिंगांचा चष्मा मिळाला आणि मला दिवसभर चैन पडले नाही. पण नवा चष्मा लावून ती आली, माझ्याकडे बघून “अय्या, हॅट आहे!” म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

हळूहळू लोकांनी हॅट घालणे सोडले. मालकांनी मात्र मला अंतर दिले नाही. रस्त्यात पोरे हसली तरी ते काठाला बोट लावून त्यांनाच नमस्कार करत. मग ते वारले. दुकान बंद झाले आणि मी एका खोक्यात गेले. मित्रांनो, त्या काळाबद्दल मी फार सांगत नाही. अंधार होता, डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि जरा खुट्ट झाले की मला वाटे, आली कसर.

खोके उघडले ते मालकांच्या नातीने. “आई, आजोबांची हॅट लिलावात टाकू का? ऑनलाइन. जुन्या हॅट जमवणारे शौकीन असतात म्हणे,” ती म्हणाली.

“टाक,” तिची आई म्हणाली. “इथे पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी डोक्यावर बसेल.”

नातीने माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. आतली चामड्याची पट्टीसुद्धा सोडली नाही. परक्या लोकांना आपले पोट उघडून दाखवायचे म्हणजे काय, ते मला विचारा. त्यानंतर सुरू झाले वाट पाहणे. बोली लावायला कुणी फिरकेना. नुसत्या चौकशा येत आणि नात त्या मोठ्याने वाचून दाखवी. कसर लागली आहे का? नाटकात पायाखाली तुडवायची आहे, टिकेल का? एका हॉटेलवाल्याने विचारले होते, ‘शोभेसाठी भिंतीवर लावायची आहे, मधून खिळा ठोकला तर चालेल ना?’

मला नंतर कळले की मुरलेले शौकीन शेवटच्या घटकेपर्यंत गप्पच बसतात. आधी बोली लावली तर इतरांना सुगावा लागतो. लिलाव संपत आला तेव्हा नात एकदम ओरडली, “आई, बोली आली! त्या खिळेवाल्याची आहे.” माझे धाबे दणाणले. “थांब, दुसरी आली! परत खिळेवाला! अगं, हा दुसरा माणूस मागे हटायलाच तयार नाही!” मी मनातल्या मनात त्या दुसऱ्या माणसाच्या पाया पडत होते. तो कोण, कुठला, मला ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ खिळा नव्हता, एवढे मला पुरेसे होते. अखेर मी त्याच्याच पदरात पडले.

तो माणूस विमा कचेरीत नोकरीला होता आणि त्याला हॅट जमवायचा नाद होता. घरातली एक अख्खी खोली त्याने त्यासाठी अडवली होती. तिथे काळ्या, करड्या, हिरवट अशा नाना जातींच्या हॅट आपापल्या डब्यांत माथ्यावर उलट्या निजल्या होत्या, कारण सरळ ठेवले की आमचे काठ वाकतात. प्रत्येक हॅट त्याने अशीच लिलावात शेवटपर्यंत जागून मिळवली होती. त्याची बायको त्या खोलीला टोप्यांची धर्मशाळा म्हणे. मला वाटले, सुटले बाई, आता मलाही एक डबा मिळेल.

पण त्याने मला डब्यात ठेवले नाही. एका जुन्या फोटोशेजारी धरले. “तोच रंग आहे बघ,” तो बायकोला म्हणाला, “फीतही तशीच.”

बायको हसली नाही. “अहो, पण आईंना कळलं तर?”

त्या दोघांच्या बोलण्यातून मला सगळा उलगडा झाला. फोटोतली हॅट त्याच्या वडिलांची होती. वडील जाऊन काही वर्षे झाली होती, तरी ती दाराजवळच्या खुंटीवर तशीच टांगलेली असे. खुंटी म्हणजे आम्हा हॅटांचा काळ. ती आतून माथ्यात रुतते आणि वर टेंगूळ येते. शौकिनाला ते बघवत नाही. येता जाता त्या टेंगळाकडे पाहून याचा जीव कळवळे. शेवटी एक दिवस त्याने ती हॅट उतरवली, वाफ देऊन टेंगूळ घालवले आणि लिलावात टाकली. खुंटीवर खराब होण्यापेक्षा एखाद्या जाणकाराकडे सुखात राहील, असे त्याला मनापासून वाटले होते.

त्याच संध्याकाळी त्याची आई दारात येऊन उभी राहिली. “हे अजून आले नाहीत,” ती म्हणाली.

आईला अलीकडे विसर पडू लागला होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण रोज दिवे लागताना ती खुंटीकडे एक नजर टाकते, हॅट दिसली की ‘हे घरात आहेत’ असे समजते आणि निवांत होते, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. आता हॅट नव्हती, म्हणजे नवरा बाहेर होता. ती दार लावू देईना, जेवायला बसेना. बाबा गेले, असे मुलाने एकदा समजावून सांगितले, तेव्हा ती नव्यानेच ऐकल्यासारखी रडली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दारात उभी राहिली. मुलाने हॅट परत मिळवायचा खूप प्रयत्न केला. पण घेणाऱ्याने ती पुढे कुणाला तरी देऊन टाकली होती आणि त्या माणसाचा पत्ता लागत नव्हता. मग एकदा आई कुणाला न सांगता जिना उतरून रस्त्यावर गेली. औषधांच्या दुकानदाराने ओळखले म्हणून बरे, त्याने हाताला धरून घरी आणून सोडले. तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात सुनेची.

तेव्हापासून मुलगा लिलावांत तशाच दिसणाऱ्या हॅटशिवाय दुसरे काही शोधतच नव्हता. आता तुम्हाला कळले असेल की मला मिळवण्यासाठी तो एवढा हट्टाला का पेटला होता.

त्याने किटलीच्या वाफेवर मला धरले आणि फोटोत बघत बघत माझा खळगा वडिलांच्या हॅटसारखा केला. नंतर त्याने स्वतःच्या हाताने, डोळे मिटून, मला खुंटीवर टांगले. ती माझ्या माथ्यात रुतली, पण दुखण्याकडे माझे लक्ष नव्हते. मित्रांनो, आयुष्यभर मी स्वतःसाठी घाबरले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी दुसऱ्यासाठी घाबरत होते. मला ओळखले तर या बाईचे काय होईल?

दिवे लागले. आई आली. तिने खुंटीकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. सून ओट्याशी उभी होती. पण आई तिथेच थांबली नाही. तिने हात वर करून मला काढले, माथ्यावरून बोटे फिरवली, आत नाक घालून वास घेतला.

“ही ह्यांची नाही,” ती म्हणाली.

मुलगा खाली बसला. त्या घटकेला मला खिळेवाल्याची भिंतसुद्धा बरी वाटली असती. आई मला उलटसुलट करून बघत राहिली. मग तिने हलक्या हाताने मला पुन्हा खुंटीवर ठेवले आणि सुनेकडे वळली.

“अगं, घरात कोण आलंय? मला कुणी सांगायचं नाही का?” ती रागावून म्हणाली. “पाहुणे आलेत म्हणजे हे आतच बसले असतील गप्पा मारत. पाहुण्यांना एकटं सोडून हे कुठे जायचे! चहा टाक दोघांना. आणि ते दार लाव आधी, वारं येतंय.”

सुनेने दार लावले. कडीचा आवाज झाला आणि मुलगा तोंडावर हात ठेवून रडू लागला.

त्याला आता बरेच महिने झाले. रोज संध्याकाळी दोन कप चहा आतल्या खोलीत जातो. एक मुलगा पितो, दुसरा त्याची बायको. आई समाधानाने जेवते. माझ्या माथ्यावर टेंगूळ आले आहे. तो जाता येता त्याकडे बघतो, हात पुढे करतो आणि मागे घेतो. मला मात्र धाकधूक असते. वाऱ्याने मी पडले तर? साफसफाईत कुणी मला उचलून ठेवले तर? खुंटी रिकामी दिसली की या घरातून दोन माणसे एकदम निघून जातील.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की तुमच्या घरातही जुन्या वस्तू निघतील. त्या जपा, झटका, पुसा, उन्हात ठेवा. विकायच्या असतील तर खुशाल विका, मीसुद्धा विकलीच गेले आहे. पण एखादी वस्तू तिच्या जागेवरून उचलण्याआधी घरात सगळ्यांना विचारा की रोज तिच्याकडे कोण बघते. उत्तर येईपर्यंत तिला हात लावू नका. हवे तर तिच्यावर टेंगूळ येऊ द्या.

आता थांबते. दिवे लागले आहेत. दार लावलेले आहे आणि आई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहून म्हणते आहे, “बसा हो जरा, एवढी काय घाई आहे जायची?”