पाण्यापुढचं शून्य

पक्षाघातानंतर आईची वाचा गेली, म्हणून मी तिला तीन बटणांचा डबा करून दिला. बटण दाबलं की छोट्या पडद्यावर वाक्य उमटायचं: ‘पाणी हवं’, ‘दम लागलाय’, ‘दुखतंय’. चिप जुनी, मेमरी चिमूटभर, म्हणून सगळं असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या भाषेत लिहिलं. असेंब्लीत मनातलं ओळखणारं कुणी नसतं. एकेक अक्षर पडद्यावर पाठवत राहायचं आणि वाक्याच्या शेवटी शून्य आलं की थांबायचं, एवढंच तिला कळतं.

ऑफिसात पोचते न पोचते तोच घरून दादाचा फोन.

"अगं, आईला दम लागलाय म्हणे! पण बसलीये तर छान."

"त्याच्या वर ‘पाणी हवं’ दिसतंय?"

"हो."

मी कपाळावर हात मारला. पाण्याच्या वाक्यापुढे शून्य टाकायचंच राहिलं होतं, त्यामुळे चिप न थांबता पुढचं वाक्यही छापत गेली.

"पाणी दे तिला. दमाकडे लक्ष देऊ नकोस, ती माझी चूक आहे. संध्याकाळी दुरुस्त करते," म्हणून मी घाईघाईने फोन ठेवला.

मीटिंगमध्ये बसले आणि एकदम लक्षात आलं. आईला खरंच दम लागला तर? दादा पक्का सांगकाम्या. तो इमानेइतबारे पाणीच पाजणार. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, धाप लागली असताना थेंबही द्यायचा नाही, पाणी फुप्फुसात जाईल.

फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. मग कुणाला काही न सांगता उठले आणि मिळेल ती टॅक्सी पकडली. वाटेत प्रत्येक सिग्नलला शिव्या घातल्या.

घरात शिरले तर दादाचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आणि दादा आईच्या ओठांना चमचा लावून बसलेला.

"घे ना गं, मघापासून मागतेयस!"

पडद्यावर एकच ओळ होती: दम लागलाय. आई जिवाच्या आकांताने मान फिरवत होती. ओठ निळे पडले होते.

मी चमचा उडवला, तिला उठवून बसवलं, खाटेशेजारच्या सिलिंडरची ऑक्सिजनची नळी लावली. हळूहळू ओठांचा रंग परतला.

"तूच म्हणालीस ना," दादा रडायला लागला.

हो, मीच म्हणाले होते.

संध्याकाळी शून्य टाकलं, तिन्ही बटणं तपासली आणि डबा आईजवळ ठेवला.

"आता बरोबर चालतोय, आई. दाबून बघ."

तिचे ओठ सुकले होते. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात चादरीखाली घेतला.