बायांकडचा खांब

"मालक, तो खांब आतून खाल्ला वाळवीनं. बायांले तिथं बसवू नका," मनकर्णाबाईने तिसऱ्यांदा सांगितलं.

रंगराव तिकिटांचे गठ्ठे लावत होते. "काय वं, सिनेमातली म्हातारी झोंबली काय तुले?"

मेहकरच्या त्या पत्र्याच्या थेटरात मनकर्णाबाई सहा वर्षं झाडलोट करत होती, पाणी भरत होती. सध्याच्या सिनेमात एक म्हातारी पूल पडणार म्हणून गावभर ओरडत फिरते आणि गाव तिला वेडी ठरवून कोंडून घालतं. ती दारावर डोकं आपटू लागली की थेटरात हशा पिकायचा. मनकर्णाबाई तेवढ्या वेळापुरती बाहेर जाऊन उभी राहायची.

"बोट घातलं तं पेरभर आत गेलं, मालक."

"परवाच रंग देल्ला त्याले. अन् लढाईच्या दिवसात सागवान कोण देते मले?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या खेळाआधी ती खांबाभोवती शेणाचा सडा घालू लागली, चांगला घट्ट आणि ओला. बाया लुगडी सावरत, नाकं मुरडत पलीकडे सरकायच्या. खेळ चालू असताना ती मागे उभी राहून छताकडे बघत राही. घरी भाकरी थापतानाही हात मध्येच थांबायचा.

बांगडीवाल्या बशीरची बायको जहांआरा दोन्ही पोरींना घेऊन यायची. एकदा तिने विचारलं, "मावशी, रोज इथंच ओलं काऊन करता?"

"खांब पडनार हाय, माय."

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. जहांआरा हसली नाही. तिने खांब खालून वरपर्यंत पाहिला आणि पोरींना उचलून भिंतीशी नेऊन बसवलं.

एकोणिसाव्या दिवशी, भर खेळात, खांब बुडातून मोडला. वरचे चार पत्रे त्या ओल्या जागेवर येऊन आदळले. धुरळा खाली बसला तेव्हा एका बाईचं कोपर तेवढं खरचटलं होतं.

संध्याकाळी चौकशीला पोलीस जमादार आला. रंगरावांनी त्याला ती जागा दाखवली. "हिनं रोज बुडाशी पानी ओतलं. लाकूड सडनार नाही तं काय होईल?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. पाण्याच्या खोलीची किल्ली मनकर्णाबाईने टेबलावर ठेवली आणि निघाली.

पुढे ती सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापूस निवडायला जाऊ लागली. तिथेही तिची गोष्ट तिच्याआधी पोचली होती. बाया तिच्यापासून हातभर अंतर राखून बसायच्या. काळ्या जिभेची, म्हणायच्या.

पंधरा दिवसांनी जहांआरा जिनाच्या दारात उभी राहिली. बशीर आजारी पडला होता, म्हणून तीही कामाला आली होती. पोरी पदराला धरून होत्या. मुकादमाने रिकामी जागा दाखवली, तरी ती हलली नाही.

"मावशी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुठं बसू?"

निवडणारे हात थांबले. मनकर्णाबाईने मान वर केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत छताचा एकेक वासा तिने सावकाश पाहिला. मग आपली टोपली बाजूला सरकवली.

"इथं बस," ती म्हणाली.