वर्तुळाच्या धड्याची पाने

मित्रांनो, मी शाई न वापरणारा एक जुना प्रिंटर आहे. जाड कागदावर मी ठिपके उठवतो, आणि ते डोळ्यांसाठी नसतात, बोटांसाठी असतात. कर्नाटकातल्या तीर्थहळ्ळीच्या अंध मुलींच्या शाळेत, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात माझी जागा आहे.

माझा जन्म फार दूरच्या थंड देशात झाला. लाकडी खोक्यात बसून मी इथे आलो. पहिल्या दिवशी माझा खडखडाट ऐकून मुलींनी कानांवर हात ठेवले. वनजाक्षी टीचरांनी मात्र माझे पहिले पान हातात घेतले. त्यांनाही दिसत नाही. त्यांनी ओळींवरून बोट फिरवले आणि त्या म्हणाल्या, "आवाज भांडखोर आहे याचा, पण अक्षर सुरेख आहे."

त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काम केले. पाठ्यपुस्तके छापली, गोष्टी छापल्या, भजने छापली. एकदा तर शाळेतून शिकून गेलेल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली. ती तिला स्वतःला वाचता आली म्हणून ती रडली होती. माझ्या शेजारी एक जुना संगणक होता. कन्नड मजकुराचे ब्रेल करून तो एका जाड वायरीतून मला पाठवी. आम्ही दोघेही संथ होतो, पण आमचे एकमेकांना नीट कळत असे.

मग कोणा भल्या माणसाने शाळेला नवा संगणक दिला. तो बसवायला बाजारातला संगणक दुरुस्तीवाला निरंजन आला. मनाने चांगला, पण घाईचा माणूस. "टीचर, आता पुस्तकं चुटकीसरशी होतील बघा," असे म्हणत त्याने जुन्यावरचा ब्रेलचा प्रोग्राम काढला आणि नव्यावर चढवला. तो प्रोग्राम एका वेळी एकाच संगणकावर चालत असे. एवढे झाल्यावर त्याने माझी वायर उचलली. नव्या संगणकाला तिच्या मापाची खाचच नव्हती.

"हरकत नाही," निरंजन म्हणाला. "दोघांना जोडून देतो. नवा जुन्याला सांगेल, जुना प्रिंटरला सांगेल."

नव्याने काही सांगितले नाही. निरंजनने दोघांना एकाच गटाचे नाव दिले, जुन्यावर मला सर्वांसाठी खुले केले, वायर बदलली, दोघांना बंद करून पुन्हा चालू केले. नव्या संगणकाला शाळेतले बाकी सगळे दिसत होते. आम्ही दोघे तेवढे दिसत नव्हतो.

हे सगळे चालू होते तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. त्या वर्षी गणिताचे पुस्तक बदलले होते आणि ब्रेलमध्ये ते कुठेच मिळत नव्हते. बाकीचे विषय दहावीतल्या तुंगाने ऐकून पाठ केले होते. तिची आई सुपारीच्या बागेत मजुरीला जाई. दहावी झाली की मैसूरुला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जायचे, हे तुंगाने कधीच ठरवून टाकले होते. गणिताचे अख्खे पुस्तक नव्या संगणकात तयार पडले होते. मी कागद लावून बसलो होतो. आमच्यामध्ये फक्त एक टेबल होते.

एका दुपारी निरंजनच्या खटपटीत जोडणी घटकाभर लागली आणि अचानक जुन्याकडून हुकूम आला. मी जीव तोडून ठिपके उठवले. सगळ्या मुली धावत आल्या. तुंगाने पान मांडीवर घेतले आणि बराच वेळ त्यावर हात फिरवला.

"टीचर, यात काही लिहिलेलंच नाहीये. नुसती खडी पसरलीय."

मित्रांनो, ती खडी मीच पसरली होती. नव्याने मला साधा शाईचा प्रिंटर समजून भलतेच काहीतरी पाठवले होते. जे येईल ते उमटवायचे, एवढेच मला येते. ते चूक आहे हे मला कळत नाही, आणि कळले असते तरी मी कोणाला सांगणार होतो?

जोडणी पुन्हा तुटली आणि निरंजन खजील झाला. "जुना प्रोग्राम परत जुन्यावर टाकू का?" टीचरांनी विचारले. "ज्या तबकडीवरून तो चढवतात, ती आता चालत नाहीये, टीचर," तो हळूच म्हणाला.

शेवटी गणिताच्या बाई पुस्तक वाचू लागल्या आणि तुंगा हाताने ब्रेल लिहायची पाटी-टोचणी घेऊन एकेक ठिपका टोचू लागली. बोटे सुजली. समीकरणे उतरली, पण वर्तुळाच्या धड्याशी सगळे अडले. आकृती बोलून कशी दाखवणार? माझ्यापासून हाताच्या अंतरावर हे चालले होते आणि मी धूळ खात उभा होतो.

गणिताचा पेपर देऊन तुंगा सरळ ग्रंथालयात आली.

"कसा गेला गं?" टीचरांनी विचारले.

"ऐकलेलं होतं तेवढं लिहिलं."

गणितात ती राहिली. मैसूरुचा प्रवेश त्या वर्षीपुरता गेला.

निकालानंतर निरंजन पुन्हा आला. कोणी बोलावले नव्हते. त्याने कुठे कुठे विचारून माहिती काढली होती. नवा संगणक अनोळखी पाहुण्याला दारात उभे करत नव्हता, म्हणून त्याने जुन्यावर नाव आणि पासवर्ड तयार करून तेच नव्याला दिले. जुन्याची बोली नव्याने धोक्याची म्हणून बंद ठेवली होती. शाळेबाहेरची इंटरनेटची जोडणी काढून ती बोली तेवढ्यापुरती सुरू केली. मग मला साधा प्रिंटर न समजता ब्रेल आहे तसे पाठवायला सांगितले. मी खडखडलो.

पान तुंगाच्या हातात गेले. वर्तुळाचा धडा होता. तिचे बोट गोल फिरले, स्पर्शिकेवर थांबले, पुन्हा मागे आले.

"हेच विचारलं होतं," ती म्हणाली.

टीचरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तुंगा म्हणाली, "उरलेली पानं काढा ना. फेरपरीक्षेला बसायचंय मला."

मी ती सगळी काढली.

मित्रांनो, नवे आणा, अवश्य आणा. पण जुन्याची सोय मोडण्याआधी नव्यावरून एक पान काढून बघा. आणि ते पान ज्याला वाचायचे आहे, त्याच्याच हातात द्या.